माथ्यावरचे नाव

आपल्या घरांतील भांड्यांवर जितके लेखन आढळते, तितके कित्येक घरांतील कपाटांतही आढळणार नाही. फडताळातले कोणतेही पातेले हाती घ्यावे, त्याच्या काठाशी ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत एखादी तिथी, देणाऱ्याचे नाव आणि 'सप्रेम भेट' ही ठरीव सांगता सापडावयाचीच. मुंजीतला तांब्या, मंगळागौरीची वाटी, वास्तुशांतीचे घंगाळ, यांवरून घराण्याची वंशावळ लावता येईल. परंतु या साऱ्या लेखनात एक नाव कोठेही नसते. ते पातेले ज्याने ठोकून घडविले, त्या तांबटाचे. देणारा आहे, घेणारा आहे. करणारा तेवढा नाही. आणि तो नाही, याची उणीव आपणांपैकी कोणास भासल्याचेही ऐकिवात नाही.

पुढे कारखाने आले, तेव्हा करणाऱ्याचे नाव वस्तूवर आले. आमच्या सातारा-सांगली भागाने हा पालट फार जवळून पाहिलेला आहे. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि तेथला लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या तोंडी कारखानदाराच्या नावानेच रुळला. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील घरोघर नावानिशी ओळखला जाई. नाव हे येथे शोभेसाठी नव्हते. फाळ मोडला अथवा काच तडकली, तर कोणाकडे जावयाचे, याचा तो पत्ता होता.

करणाऱ्याच्या नावाचा हा प्रश्न आमच्या घरात शिरला तो मात्र अगदी अनपेक्षित वाटेने. ती वाट म्हणजे विजेवर वाजणारी गिटार.

आमचा धाकटा पुतण्या सांगलीस अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. सुटीत साताऱ्यास आला, तो लाकडाची एक जाड फळी, तारांची भेंडोळी व एक लाकडी मान घेऊन. ज्या वाचकांच्या घरी हे वाद्य अद्याप आलेले नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. सतारीस भोपळा असतो, तशी या वाद्यास पोकळी नसते. भरीव लाकडाचे धड, त्यावर बसविलेली लांब मान, आणि मानेच्या टोकाशी सहा खुंट्यांचा चपटा माथा, एवढाच त्याचा देह. तारांच्या खाली लोहचुंबकाभोवती तांब्याच्या केसासारख्या तारेचे सहस्रावधी वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार कंप पावली, की त्या वेढ्यांत विजेचा क्षीण प्रवाह उत्पन्न होतो, आणि तोच ध्वनिवर्धकातून मोठा होऊन ऐकू येतो. धडाचे आकार बहुतेक कारखान्यांनी एकमेकांचे उचललेले आहेत. त्यामुळे वाद्य कोणाचे, हे सांगण्याचे काम मुख्यत्वे माथ्यावरच्या नावाकडे आलेले आहे.

फळी तुणीची होती. सताऱ्या कारागिरांचे हे आवडते लाकूड, वजनास हलके आणि स्वरास गोड. साताऱ्यातील एका सुताराने ती आखून, कापून, कडा गोल करून दिली. मान मिरजेहून आली होती. तेथल्या एका वृद्ध तंबोरा करणाऱ्याचा मुलगा हल्ली गिटारीही दुरुस्त करतो, त्याने ती घडविली होती. विजेची जोडणी पुतण्याने स्वतः केली. दोन महिन्यांच्या खटपटीने वाद्य वाजू लागले, आणि घरातल्या मंडळींनी कानांवर हात ठेवण्याचा पहिला उत्साह ओसरल्यावर कबूल केले, की आवाज खरोखर स्वच्छ आहे. राहता राहिला तो कोरा माथा.

या माथ्यावर नाव दोन प्रकारे घालतात. अमेरिकेतील गिब्सनसारखे कारखाने लाकडात खाचा कोरून त्यांत शिंपल्याची अक्षरे बसवीत आले. दुसरा प्रकार स्वस्त आणि जलद. पातळ पापुद्र्यावर छापलेली अक्षरे पाण्यात भिजवून लाकडावर उतरवावयाची आणि त्यांवर रोगणाचे थर द्यावयाचे. शिवणयंत्राच्या काळ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी ज्यांनी पाहिली असेल, त्यांस ही कला नवी नाही. तीही अशीच उतरविलेली असे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावच्या लिओ फेंडर याने आपल्या गिटारींवर हीच रीत ठेवली, आणि त्या पापुद्र्याची एक कथा सांगण्याजोगी आहे. १९५० साली त्याने आपल्या भरीव गिटारीस 'ब्रॉडकास्टर' असे नाव दिले. ग्रेच नावाची जुनी कंपनी त्याच उच्चाराच्या नावाने ढोल विकीत होती. १९५१ च्या आरंभी तिची हरकत आली. फेंडरने वाद केला नाही. छापून पडलेल्या पापुद्र्यांचे ताव होतेच. कात्री घेऊन त्यांतील 'ब्रॉडकास्टर' हा शब्द कापून टाकण्यात आला आणि उरलेले 'फेंडर' एवढेच नाव माथ्यावर उतरविण्यात येऊ लागले. काही महिन्यांनी 'टेलिकास्टर' हे नाव ठरले. मधल्या त्या बिनउपनावाच्या गिटारी आज संग्राहक मोठ्या किमतीस शोधीत असतात. दुसऱ्याच्या हक्काचे नाव काढून टाकल्याने वाद्याच्या आवाजात काही उणे आले नाही, हे या कथेतील तात्पर्य त्या वेळी घरात कोणाच्या ध्यानी आले नव्हते.

पुतण्याने नाव उतरविण्याची सिद्धता मोठ्या शास्त्रशुद्ध रीतीने केली. बाजारात या कामाचा एक कागद मिळतो. त्याच्या एका अंगास पाण्यात विरघळणारा डिंक असतो व डिंकावर पारदर्शक पापुद्रा. अक्षरे त्या पापुद्र्यावर छापतात. लेझर यंत्रावर छापल्यास शाई पाण्याने ओघळत नाही. शाईच्या फवाऱ्याच्या यंत्रावर छापल्यास मात्र आधी रोगणाचे दोन-तीन विरळ फवारे मारून ती बांधून घ्यावी लागते. साध्या यंत्रात पांढरी शाई नसते, आणि सोनेरी म्हणून जे उमटते ते हळदीसारखे दिसते. म्हणून फिकट लाकडावर काळी अक्षरे हाच सोपा मार्ग. हे सारे आमच्या माजघरात जेवणाच्या पंक्तीस बसून आम्ही ऐकले, आणि वहिनींनी कोमट पाण्यासाठी एक पसरट ताटही काढून ठेवले.

कागद छापून आला तेव्हा त्यावर दोन नावे होती. एक त्याच्या स्वतःच्या कल्पनेचे, आणि दुसरे एका जगप्रसिद्ध परदेशी कंपनीचे, अगदी तिच्याच वळणदार लिपीत.

दुसऱ्या नावाचे कारण लवकरच उघड झाले. पुण्यातील एका तरुणाने गिटार ऐकून विकत मागितली होती. जशी आहे तशी घेतली तर तो बावीस हजार रुपये देणार होता. माथ्यावर ते परदेशी नाव असले तर पस्तीस हजार. फसवणूक म्हणावी तर घेणाऱ्यास सारे ठाऊक होते. त्याला ते नाव स्वतःसाठी नव्हे, तर समोर बसणाऱ्या श्रोत्यांसाठी पाहिजे होते. पुतण्याच्या पुढल्या सहामाहीच्या शुल्काची चणचण होती, आणि ती आम्हां सर्वांस ठाऊक होती. तेरा हजारांचा फरक हा आमच्यासारख्या घरात थट्टेचा विषय नव्हे.

त्या रात्री ओटीवर बराच खल झाला. धाकटे बंधू म्हणाले, "अहो, त्या कंपनीचे यात काय बुडते? तिची गिटार हा मुलगा घेणार नव्हता आणि तो पुण्याचाही घेणार नव्हता." दादांचे आयुष्य न्यायालयाच्या कचेरीत गेलेले. त्यांनी १९९९ चा व्यापारचिन्हांचा कायदा काढला आणि दुसऱ्याचे चिन्ह खोटेपणाने मालावर लावणाऱ्यास कारावासाची शिक्षा आहे, हे सांगितले. पुतण्या कायद्याने भ्याला खरा, पण त्याचे समाधान झाले नाही. "काका, एका गिटारीसाठी अमेरिकेहून कोणी साताऱ्यास येणार आहे का?" असे तो आम्हांस विचारू लागला. भीती ही पटवून देण्याची जागा घेऊ शकत नाही, आणि तरुणांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

मातोश्री इतका वेळ वाती वळीत होत्या. त्यांनी एवढेच विचारले, "अरे, त्या कंपनीचे जाऊ दे. आपल्या सुताराने एवढी फळी घासली, त्याचे नाव तू कुठे घालणार होतास?"

यावर कोणी काही बोलले नाही. पुतण्यास मानेच्या दुरुस्तीसाठी मिरजेस जावयाचेच होते. दुसऱ्या दिवशी कोयना एक्सप्रेसने आम्हीही त्याच्याबरोबर निघालो.

मिरजेच्या वाद्यांविषयी वाचकांस थोडे ठाऊक असेलच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, सुमारे १८५० च्या सुमारास, तेथल्या शिकलगार घराण्यांनी हा धंदा उचलला. तलवारींना धार देणे, शस्त्रे उजळणे हे त्यांचे मूळ काम. राज्ये गेली तसे ते मंदावले, आणि तेच हात तंतुवाद्यांकडे वळले. या परंपरेच्या आरंभी फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव घेतात. मिरजेत पटवर्धनांचा आश्रय होता, गवयांची ये-जा होती. अब्दुल करीम खाँ यांनी येथेच वास्तव्य केले आणि १९३७ साली त्यांचे निधन झाल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात त्यांस चिरविश्रांती मिळाली. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. ते वाळवून, कापून, पाण्यात भिजवून आकारास आणावयाचे, त्यांस तबली व दांडी जोडावयाची, लाखेचे रोगण द्यावयाचे, आणि शेवटी घोडीवर जवारी लावावयाची. जवारी म्हणजे घोडीचा माथा अशा बेताने घासणे, की तार त्यावर अलगद टेकून भरीव गुंजन निघावे. हे कोणत्याही मापाने होत नाही. ते कानाने होते.

ज्या वृद्ध कारागिराकडे आम्ही गेलो, त्यांस सारी गल्ली चाचा म्हणते. पुतण्याने आपला कागद दाखवून दोन्ही नावांची हकीकत प्रांजळपणे सांगितली. चाचांनी उपदेश केला नाही. त्यांनी एका तंबोऱ्याच्या भोपळ्यावरचे कोरीव पान आम्हांस दाखविले.

"काका, हे पान बघा. आमच्यात पानाचे टोक मी असे डावीकडे वळवतो, माझे वडील वळवायचे म्हणून. पुष्कळ वर्षांमागे एका मोठ्या शहरात लेकीकडे गेलो होतो. तिथे वाद्यांच्या दुकानात तंबोरा दिसला. पान माझे. वर पट्टी दुकानाची. मालक म्हणाला, हा आमच्या कारखान्यात होतो."

"मग तुम्ही काय केलेत, चाचा?" आम्ही विचारले.

"काय करणार? जवारी उतरली होती. ती लावून दिली आणि आलो."

असे का होते, हेही त्यांनी समजावून सांगितले. व्यापारी बिननावाची वाद्ये एकगठ्ठा मागतो, पैसे लवकर देतो, आणि आपली पट्टी आपण लावतो. पोट हातावर असलेल्या माणसास नावाचा हट्ट परवडत नाही. उलट, दुसरीकडे केलेली वाद्ये मिरजेची म्हणून विकण्याचाही प्रकार चालतो. म्हणजे मिरजेचे वाद्य दुसऱ्याच्या नावाने जाते आणि दुसऱ्याचे मिरजेच्या. दोहोंत मिरजेतल्या माणसाच्या हाती काही उरत नाही.

यांतील दुसऱ्या संकटावर आता एक उपाय झाला आहे. २०२४ साली मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा या दोहोंस भौगोलिक मानांकन मिळाले. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस ते २०१० सालीच मिळाले आणि सांगलीच्या हळदीस २०१८ साली. ज्या गावाच्या मातीने, पाण्याने अथवा परंपरेने वस्तूस गुण आला, त्या गावाचे नाव इतरांनी लावू नये, असा या कायद्याचा आशय आहे. परंतु तो गावाचे नाव राखतो, माणसाचे नाही. पानाचे टोक डावीकडे कोणी वळविले, हे कोणतेही मानांकन सांगणार नाही. ते ज्याचे त्याने लिहावयाचे आहे.

परतीच्या गाडीत आम्ही पुतण्यास युरोपातील व्हायोलिनांची गोष्ट सांगितली. क्रेमोना येथील अंतोनिओ स्ट्राडिव्हारी १७३७ साली वारला. तो आपल्या वाद्याच्या पोटात लॅटिन भाषेतील छापील चिठ्ठी चिकटवी. तीत त्याचे नाव, गाव व वर्ष असे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील मार्कनॉयकिर्शेन व इतर ठिकाणी व्हायोलिनांचे मोठे उद्योग उभे राहिले, आणि तेथील सहस्रावधी वाद्यांत हीच चिठ्ठी चिकटविण्यात आली. आजही एखाद्या घरात आजोबांचे व्हायोलिन निघते, पोटातली चिठ्ठी वाचून घर आनंदते, आणि जाणकारास दाखविताच हिरमुसते. या गोष्टीत स्ट्राडिव्हारीचे काय गेले? त्याचे नाव दोन शतके होते तसेच आहे. गेले ते त्या जर्मन खेड्यातील माणसांचे. त्यांची कित्येक वाद्ये चांगली होती, अद्याप वाजत आहेत. परंतु ती कोणी केली हे आता कधीही कळावयाचे नाही. खोट्या चिठ्ठीने त्यांस ज्या दिवशी दोन पैसे अधिक मिळवून दिले, त्याच दिवशी त्यांचे नाव पुसून टाकले.

खोट्या नावाने मोठ्या कंपनीची हानी होते, हे कायद्याचे म्हणणे खरेच आहे. पण आम्हांस असे वाटते, की पहिली हानी घरच्या माणसाची होते. ज्याच्या हातून वस्तू झाली, त्याच्याकडे बोट दाखविण्याची वाट आपण स्वतः बुजवितो. आणि वस्तू जितकी चांगली, तितकी ही हानी मोठी. वाईट गिटारीवर परदेशी नाव असते, तर ते चार दिवसांत उघडे पडले असते. ही गिटार चांगली होती, म्हणूनच ते नाव तिच्यावर टिकले असते, आणि साताऱ्याचा सुतार व मिरजेचा कारागीर कायमचे झाकले गेले असते.

पुतण्या गाडीत फारसा बोलला नाही. घरी आल्यावर त्याने कागदाचा अर्धा भाग कापून बंबात टाकला आणि नवा कागद छापून आणला. दर्शनी बाजूस 'कृष्णा' एवढेच. साताऱ्याजवळ माहुलीस जी वेण्णेला भेटते आणि सांगलीच्या घाटावरून जी पुढे जाते, ती. मागल्या बाजूस बारीक अक्षरांत तीन ओळी. लाकूडकाम कोणाचे, मान कोणाची, जोडणी कोणाची. प्रत्येकाचे गाव आणि शेवटी वर्ष. दोघांही कारागिरांची संमती त्याने आधी घेतली. सुतार प्रथम लाजला. मग त्याने आपल्या नावातील एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिला.

देवनागरी अक्षरांनी या कामात एक अडचण आणली, ती सांगण्याजोगी आहे. आपली अक्षरे शिरोरेषेस टांगलेली. पापुद्रा सरकविताना किंचित वाकला तरी रेषा वाकडी दिसते. इंग्रजी अक्षरांत हा दोष लपतो. म्हणून माथ्यावर आधी पेन्सिलीने एक पुसट रेघ आखावी लागली. लाकूड अगोदर रोगण देऊन आरशासारखे गुळगुळीत केले होते. खरबरीत राहिले, तर पापुद्र्याखाली हवा अडकते आणि चंदेरी झाक मारते. मग वहिनींच्या ताटात कोमट पाणी आले. कागद मिनिटाच्या आत डिंकापासून सुटला. ओल्या माथ्यावर ठेवून, बोटाच्या टोकाने 'कृष्णा' रेघेवर आणली, आणि मऊ फडक्याने मधून कडांकडे पाणी टिपून काढले. या सर्व काळात घरातील नऊ माणसे श्वास रोखून उभी होती. परीक्षेच्या निकालासही इतकी शांतता आम्ही पाहिलेली नाही. रात्रभर वाळल्यावर रोगणाचे विरळ फवारे. पहिलाच थर जाड दिला, तर पापुद्रा आक्रसतो. असे बरेच थर झाल्यावर आठवडाभर विसावा, आणि मग दोन हजार नंबरचा पॉलिशपेपर पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासणे. पापुद्र्याची कड बोटास लागेनाशी झाली, तेव्हा काम पुरे झाले.

पुण्याच्या तरुणाने थोडी कुरकुर केली आणि बावीस हजारांस गिटार नेली. उरलेल्या शुल्काची सोय दादांनी केली व ती फेडण्याचे पुतण्याने कबूल केले आहे.

पावसाळ्यात श्रावणाच्या सुमारास चाचांच्या मुलाचा आम्हांस दूरध्वनी आला. पुण्याहून एक मुलगा गिटार घेऊन दुकानात आला होता. दमट हवेने मानेस बाक आला होता, पुण्यात दोघांनी पाहून हात टेकले होते. मग त्याने वाद्य उलटे करून माथ्यामागची ओळ वाचली आणि तो थेट मिरजेस आला. मान सरळ झाली. जाताना त्याने आपल्या मित्रासाठी आणखी एक मान सांगितली, आणि तिच्यामागे नाव घालावयाचे काय, हे त्यानेच विचारले.